ग्लिबसीने आणलं, लिनक्सने काढलं: स्ट्र-एल-कॉपीचं काय झालं?

नमस्कार मंडळी! ऑगस्ट २०२३मध्ये ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीची २.३८ आवृत्ती आली आणि त्यात एकदाचं स्ट्र-एल-कॉपी, म्हणजे स्ट्रिंग (अक्षरांची माळ) दुसऱ्या जागी उतरवणारं फंक्शन, मिळालं. २०२४मध्ये युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या पॉसिक्स मानकानेही ते घेतलं. आणि त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नल ६.८मधून, तेच फंक्शन हद्दपार झालं! आता नव्या ड्रायव्हरमध्ये वापरायचं काय?

सगळ्यात जुनं, साधं स्ट्र-कॉपी. सी भाषेच्या मानकात आहे, पण जागा किती आहे हे ते विचारतच नाही. कर्नलमध्ये शेजारची मेमरी खराब झाली तर अख्खं मशीन कोसळू शकतं. ते सोडा.

स्ट्र-एन-कॉपीला बरेच जण सुरक्षित समजतात. तेही मानकातलंच. पण ते जन्मलं वेगळ्याच कामासाठी. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीत फाइलच्या नावाला नेमके १४ बाइट असायचे. नाव छोटं असेल तर उरलेल्या जागेत शून्यं, पूर्ण १४ असेल तर शेवटी शून्य (सीमध्ये स्ट्रिंग संपल्याची खूण) नाहीच. तिथे हे बरोबर होतं. आज १०२४ बाइटच्या बफरमध्ये (डेटा ठेवायच्या जागेत) पाच अक्षरं टाकलीत, तर ते १०१९ शून्यं लिहीत बसतं. आणि नाव लांब निघालं तर शेवटचं शून्य गायब!

म्हणून १९९८मध्ये ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिमने स्ट्र-एल-कॉपी आणलं. शेवटी शून्य नक्की. मग लिनक्सवाल्यांना खुपलं काय? ते परत देतं मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी. तुम्हाला हवेत १६ बाइट, पण लांबी मोजायला ते मूळ स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचतं. तिथे शून्यच नसेल तर? पुढची परकी मेमरी वाचत सुटतं. वापरणाऱ्याकडून आलेल्या डेटावर विसंबणाऱ्या कर्नलला हे परवडत नाही.

स्ट्र-एस-कॉपी २०१५मध्ये, कर्नल ४.३मध्ये आलं. कुठल्याच मानकात नाही, पण माझं मत विचाराल तर कर्नलमध्ये हेच. दिलेल्या मापापलीकडे वाचत नाही, शेवटी शून्य ठेवतं, आणि स्ट्रिंग मावली नाही तर ई-टू-बिग ही चूक परत करतं. स्ट्रिंग ज्या स्ट्रक्चरमध्ये ठेवलीत ते पुढे यूजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामना, जाणार असेल तर मात्र स्ट्र-एस-कॉपी-पॅड घ्या, नाहीतर उरलेल्या बाइटांतून स्टॅकवरचा (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला) जुना डेटा बाहेर जाईल. आणि ठरलेल्या मापाचं, शेवटी शून्य नसलेलंच फील्ड हवं असेल, तर स्ट्र-टू-मेम-पॅड आहे.

जुना कोड बदलताना नुसतं शोधा-बदला करू नका हं. स्ट्र-एल-कॉपी कधीच उणे आकडा देत नसे. ई-टू-बिग म्हणजे उणे ७. जुन्या कोडमध्ये परत आलेली लांबी पॉइंटरमध्ये (मेमरीच्या पत्त्यात) बेरीज करून मिळवली असेल, तर पुढचं लिखाण सात बाइट मागे जाऊन पडेल, आणि कंपायलर चकार शब्द काढणार नाही.