समुद्री चाच्यांच्या गोष्टी सांगणारे प्रशिक्षक: माइक लीच आणि त्यांच्यापुढे गोंधळलेले प्रतिस्पर्धी

नमस्कार. 9 ऑक्टोबर 1999 या दिवशी अमेरिकेत डॅलसच्या कॉटन बोल मैदानावर टेक्सस आणि ओक्लाहोमा या दोन विद्यापीठांचा फुटबॉल सामना व्हायचा होता. दोन्ही राज्यांतले लोक वर्षभर या सामन्याची वाट पाहत असतात. सामन्यापूर्वीच्या सरावाच्या वेळी टेक्ससच्या माणसांना मैदानावर पडलेला एक कागद मिळाला. ओक्लाहोमाचा संघ सुरुवातीला कोणत्या चाली खेळणार, याची ती यादी होती. टेक्ससच्या बचावफळीने तिच्यावर विश्वास ठेवला आणि बघता बघता ओक्लाहोमाने 17-0 अशी आघाडी घेतली. यादी बनावट होती. ओक्लाहोमाच्या आक्रमणाचे प्रशिक्षक माइक लीच यांनी ती मुद्दाम तयार केली होती आणि ती प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडेल अशा बेताने टाकायला लावली होती. पुढे टेक्ससने डाव सावरला आणि सामना 38-28 असा जिंकला, हेही इथेच सांगितले पाहिजे, कारण लीच यांच्या कारकिर्दीची गोष्ट केवळ त्यांच्या विजयांतून समजत नाही.

तो कागद खरा वाटला, याचे एक कारण माझ्या मते लीच यांच्या प्रतिमेत आहे. काटेकोर आणि शिस्तप्रिय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रशिक्षकाचा असा कागद वाटेत सापडला असता, तर कोणालाही आधी शंका आली असती. लीच यांच्या बाबतीत मात्र, हा माणूस काहीही लिहील आणि कुठेही विसरेल, असे समोरच्याला सहज वाटून गेले असावे. एखाद्याच्या तऱ्हेवाईकपणाचा त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवर नेमका काय परिणाम होतो, हा आजच्या व्हिडिओचा विषय आहे.

आधी दोन शब्द या खेळाविषयी. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात आणि प्रत्येक संधीच्या वेळी अकराही खेळाडू आधी ठरवलेली एक चाल खेळतात. चेंडू हातात घेऊन धावणे किंवा पुढे फेकणे, असे दोन मुख्य मार्ग असतात. फेकण्याचे काम क्वार्टरबॅक करतो आणि झेलण्याचे काम रिसीव्हर करतात. विद्यापीठांच्या या सामन्यांना कित्येक ठिकाणी लाखभर प्रेक्षक येतात, आणि मुख्य प्रशिक्षक ही त्या राज्यातली अत्यंत प्रसिद्ध व्यक्ती असते.

या पदावर पोहोचणारी बहुतेक माणसे स्वतः विद्यापीठाच्या संघातून खेळलेली असतात. लीच तसे खेळले नव्हते. 1961 साली कॅलिफोर्नियात जन्मलेले आणि वायोमिंगमधल्या कोडी या गावात वाढलेले लीच ब्रिगम यंग विद्यापीठात शिकले आणि तिथे त्यांनी रग्बी खेळली. पुढे पेपरडाइन विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. वकिली करण्याचा सरळ मार्ग समोर असताना ते अगदी लहानसहान महाविद्यालयांत प्रशिक्षकाच्या हाताखाली काम करू लागले, आणि 1989 साली फिनलंडमधल्या पोरी शहराच्या संघालाही त्यांनी शिकवले. त्याच वर्षी आयोवा वेस्लियन या छोट्या महाविद्यालयात त्यांची हॅल मम यांच्याशी गाठ पडली. या दोघांनी मिळून जी आक्रमणपद्धती घडवली, तिला एअर रेड, म्हणजे हवाई हल्ला, असे नाव पडले.

ही पद्धत थोडी जवळून पाहू, कारण लीच यांचे बोलणे कितीही भरकटत असले, तरी त्यांचे आक्रमण अजिबात भरकटत नव्हते. इतर संघांच्या चालींचे जाडजूड बाड असते. लीच यांच्याकडे मोजक्याच चाली होत्या, आणि सामन्याच्या वेळी त्यांच्या हातात एक छोटासा कागद असे. त्यांतली एक चाल मेश या नावाने ओळखली जाते. तिच्यात दोन रिसीव्हर मैदानाच्या दोन बाजूंनी, जेमतेम पाच-सहा यार्ड आत, एकमेकांच्या दिशेने धावत येतात आणि मधोमध इतक्या जवळून ओलांडून जातात, की हात पुढे केला तर टाळी देता यावी. त्यांच्या मागे धावणारे दोन बचावपटू त्या ठिकाणी एकमेकांवर आदळतात किंवा टक्कर चुकवण्यासाठी वळसा घेतात, आणि तेवढ्या अवकाशात रिसीव्हर मोकळा होतो. बचावपटू माणसामागे न धावता आपापली जागा राखून उभे असतील, तर रिसीव्हर धावत राहत नाही, तो दोघांच्या मधली मोकळी जागा पाहून तिथेच थांबतो. याचा अर्थ असा, की चाल एकच असली तरी समोरचा जे करील त्याच्या उलट उत्तर तिच्यात आधीच बसवलेले असते. ही चाल लीच यांचे खेळाडू रोज, कंटाळा येईपर्यंत आणि त्याच्याही पुढे घोटून घेत. त्याशिवाय त्यांचे लाइनमन, म्हणजे क्वार्टरबॅकचे रक्षण करायला पुढे उभे राहणारे खेळाडू, एकमेकांपासून नेहमीपेक्षा बरेच अंतर सोडून उभे राहत, त्यामुळे क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचायला बचावपटूंना अधिक लांबून धावावे लागे.

या सगळ्याचा पहिला मोठा परिणाम एका प्रतिस्पर्ध्यावरच झाला. 1997 आणि 1998 मध्ये लीच केंटकी विद्यापीठात मम यांच्या हाताखाली होते, आणि तेव्हा फ्लोरिडाच्या बचावाची जबाबदारी बॉब स्टूप्स यांच्याकडे होती. केंटकीचे आक्रमण थोपवताना किती त्रास होतो, हे स्टूप्स यांनी स्वतः अनुभवले. ओक्लाहोमाचे मुख्य प्रशिक्षकपद मिळताच त्यांनी आपल्या आक्रमणासाठी लीच यांनाच बोलावून घेतले. ज्याने छळले त्याला आपल्याकडे आणावे, हा हिशोब त्यांनी मांडला, आणि मला तो त्या काळातला सर्वांत शहाणपणाचा प्रतिसाद वाटतो.

2000 साली लीच टेक्सस टेकचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि तिथे त्यांची ती सुप्रसिद्ध प्रतिमा तयार झाली. समुद्री चाच्यांच्या इतिहासाचे त्यांना वेड होते आणि खेळाडूंच्या बैठकीत ते त्यावर दीर्घ व्याख्याने देत. तलवार परजत राहा, असे ते खेळाडूंना सांगत. म्हणजे समोर कोण आहे, कोण पाहते आहे याची फिकीर न करता आपले काम पूर्ण जोराने करा. पुढच्या काळातही पत्रकार परिषदेत कोणताही प्रश्न त्यांना वर्ज्य नव्हता. विद्यापीठांची बोधचिन्हे असलेले प्राणी आणि पात्रे एकमेकांशी लढली तर कोण जिंकेल, याचा त्यांनी बारकाईने ऊहापोह केला. लग्नाच्या तयारीत नवऱ्या मुलाने शक्य तितके बाजूला राहावे, असा सल्ला त्यांनी दिला. कँडी कॉर्न नावाच्या मिठाईविषयीची नावडही त्यांनी तितक्याच गांभीर्याने सांगितली. हे नाटक होते असे मला वाटत नाही. कुतूहल वाटेल त्या विषयात ते खरोखर शिरत असत, आणि 2014 साली अपाची योद्धा जेरोनिमो याच्यावरील पुस्तकाचे ते सहलेखकही झाले.

प्रतिस्पर्ध्यांनी मात्र पुष्कळदा या बोलण्यावरूनच त्यांची किंमत ठरवली. त्यांची पद्धत ही एक क्लृप्ती आहे, खऱ्या ताकदवान संघांपुढे ती चालणार नाही, असे वर्षानुवर्षे म्हटले गेले. 2003 मध्ये त्यांचा क्वार्टरबॅक बी. जे. सिमन्स याने एका हंगामात 5,833 यार्डांचे पास फेकून तेव्हाचा विक्रम केला. 2004 मध्ये नेब्रास्कासारख्या नामांकित संघाला टेक्सस टेकने 70-10 असे हरवले. 2006 च्या इनसाइट बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात तिसऱ्या सत्रात ते मिनेसोटाविरुद्ध 38-7 असे मागे होते, तरीही त्यांनी जादा वेळेत 44-41 असा विजय मिळवला, आणि दोनच दिवसांत मिनेसोटाने आपले प्रशिक्षक ग्लेन मेसन यांना पदावरून दूर केले. एवढ्या मोठ्या पिछाडीवर असताना दुसरा संघ घाबरून काहीतरी नवे करून पाहतो. लीच यांचा संघ पहिल्या सत्रात खेळत असलेल्याच चाली खेळत राहिला.

1 नोव्हेंबर 2008 रोजी लबक इथे, म्हणजे टेक्सस टेकच्या घरच्या मैदानावर, देशात अव्वल क्रमांकावरचा टेक्ससचा संघ त्यांच्यापुढे उभा होता. दीड मिनिटापेक्षाही कमी वेळ उरला असताना टेक्ससने 33-32 अशी आघाडी घेतली. शेवटच्या काही सेकंदांत टेक्सस टेकच्या मायकल क्रॅबट्री याने क्वार्टरबॅक ग्रॅहम हॅरेलचा पास झेलला, बचावपटूच्या हातून निसटून तो कडेकडेने मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे गेला आणि टचडाउन झाला, तेव्हा घड्याळात एक सेकंद शिल्लक होता. सामना 39-33 असा संपला. तीनच आठवड्यांनी ओक्लाहोमाने याच टेक्सस टेकचा 65-21 असा फडशा पाडला. ओक्लाहोमाचे प्रशिक्षक तेव्हाही स्टूप्सच होते. लीच यांना आतून ओळखणाऱ्या माणसाला त्यांच्या प्रतिमेचे दडपण उरले नव्हते.

हाच मुद्दा पुढे वारंवार दिसतो. 2009 च्या अखेरीस, एका जखमी खेळाडूला दिलेल्या वागणुकीच्या वादातून, टेक्सस टेकने लीच यांना काढून टाकले. त्यांनी आरोप नाकारले आणि विद्यापीठाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, पण त्यानंतर दोन हंगाम ते मैदानाबाहेर राहिले. 2012 मध्ये ते वॉशिंग्टन स्टेटकडे आले. 2018 मध्ये त्यांनी या संघाला 11 विजय मिळवून दिले, आणि या विद्यापीठासाठी तो विक्रम होता. परंतु शेजारच्या वॉशिंग्टन विद्यापीठाविरुद्धच्या वार्षिक सामन्यांत त्यांची कामगिरी एक विजय आणि सात पराभव अशी राहिली. वॉशिंग्टनच्या प्रशिक्षकांनी लीच काय बोलतात याकडे लक्ष दिले नाही. त्यांनी फक्त तीन जणांना क्वार्टरबॅकच्या अंगावर पाठवले, उरलेल्या आठ जणांना मागे उभे केले आणि छोटे छोटे पास घेऊ दिले. मोठा पास मात्र मिळू दिला नाही. 2018 मध्ये वॉशिंग्टन स्टेटच्या गावी, पुलमन इथे, हिमवर्षावात झालेला सामनाही त्यांनी 28-15 असा जिंकला. या पराभवांना लीच यांचा हट्टही कारणीभूत होता, असे माझे स्पष्ट मत आहे. जी चाल दहा वेळा घोटली ती अकराव्यांदा घोटायची, हे त्यांचे बळ होते, आणि समोरच्याने उत्तर शोधल्यावरही तेच करत राहायचे, ही त्यांची मर्यादा होती.

2019 मध्ये त्यांनी वॉशिंग्टन स्टेटमध्येच राज्याचे माजी सिनेटर मायकल बॉमगार्टनर यांच्याबरोबर बंडखोरांची युद्धपद्धती आणि फुटबॉलचे डावपेच या विषयावर एक छोटा अभ्यासवर्ग चालवला. मराठी प्रेक्षकांना गनिमी कावा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. लबक, पुलमन आणि नंतर मिसिसिपी स्टेटचे गाव स्टार्कव्हिल या तिन्ही ठिकाणी लीच यांना श्रीमंत विद्यापीठांना मिळतात तसे धिप्पाड आणि नावाजलेले खेळाडू सहसा मिळत नव्हते. त्यामुळे बलाढ्य संघांशी त्यांच्याच पद्धतीने ताकदीची लढाई करायची नाही, हा निर्णय त्यांनी समजून उमजून घेतला होता.

2020 मध्ये मिसिसिपी स्टेटकडून खेळवलेला त्यांचा पहिलाच सामना गतविजेत्या लुइझियाना स्टेटविरुद्ध होता. त्या संघाने माणसामागे माणूस लावणारा बचाव सोडला नाही. मघाशी पाहिलेल्या मेशसारख्या चालींना नेमके हेच हवे असते. क्वार्टरबॅक के. जे. कॉस्टेलोने 623 यार्डांचे पास फेकून हे दोन्ही संघ ज्यात खेळतात त्या स्पर्धागटाचा विक्रम केला आणि मिसिसिपी स्टेटने सामना 44-34 असा जिंकला. पुढच्याच आठवड्यात, आपल्या गटात सलग 20 सामने हरलेल्या आर्कान्सॉने आठ जणांना मागे ठेवले आणि लीच यांना 21-14 असे हरवले. एका संघाने आपली नेहमीची पद्धत पुरेशी आहे असे मानले, दुसऱ्याने नम्रपणे अभ्यास केला, आणि दोन्ही निकालांमध्ये फक्त सात दिवसांचे अंतर होते.

दरम्यान त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे सगळीकडे पसरली. टेक्सस टेकमध्ये खेळाडू म्हणून फारशी संधी न मिळालेल्या लिंकन रायली यांना लीच यांनी विद्यार्थी सहायक केले. त्याच रायली यांच्याकडे पुढे बेकर मेफिल्ड, कायलर मरी आणि केलेब विल्यम्स या तिघांनी विद्यापीठीय फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे हाइझमन पारितोषिक मिळवले. क्लिफ किंग्सबरी यांनी टेक्सस टेकमध्ये पुढे गाजलेला क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याला घडवले. सनी डाइक्स यांनी 2022 च्या हंगामात टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेले. ज्या पद्धतीला क्लृप्ती म्हटले जात होते, तिचे तुकडे आता जवळजवळ प्रत्येक संघाच्या आक्रमणात सापडतात. प्रतिस्पर्ध्यांनी लीच यांना दिलेली ही खरी दाद आहे, असे मी मानतो.

24 नोव्हेंबर 2022 रोजी त्यांच्या संघाने मिसिसिपी विद्यापीठाला 24-22 असे हरवले, आणि तो त्यांचा शेवटचा सामना ठरला. 12 डिसेंबरला वयाच्या 61 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. 2 जानेवारी 2023 च्या सामन्यात मिसिसिपी स्टेटचे खेळाडू पहिल्या चालीसाठी एअर रेडच्या रचनेत उभे राहिले आणि चेंडू न खेळता त्यांनी वेळ संपू दिली. नियमानुसार याबद्दल दंड होतो. प्रतिस्पर्धी इलिनॉयने तो दंड घेण्यास नकार दिला.

लीच यांच्या नावावर 158 विजय आणि 107 पराभव आहेत, म्हणजे विजयाचे प्रमाण 59.6 टक्के होते. विद्यापीठीय फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये प्रशिक्षकाचा विचार होण्यासाठी 60 टक्क्यांची अट होती, त्यामुळे ते थोडक्यात बाहेर राहत होते. 2025 मध्ये ही अट 59.5 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला आणि 2027 पासून त्यांचे नाव विचारात घेता येईल. त्यांची निवड व्हावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.