खेकड्याला दुखतं का? आणि दुखत असेल तर तो शिजवायचा कसा?

उकळत्या पाण्यात जिवंत खेकडा टाकला की तो पाय झाडतो, भांड्यावर डेंगे आपटतो, कधी एखाददुसरा पाय स्वतःच्या अंगापासून तोडूनही टाकतो. शेवंड टाकली तर बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि ‘ती किंचाळली’ असं लोक सांगतात. त्या आवाजाचं आधी मिटवू या. या प्राण्यांना स्वरयंत्र नसतं. कवचाखाली अडकलेली हवा आणि वाफ बाहेर पडते, तिचा तो आवाज. पाय झाडणं मात्र खरं आहे, आणि प्रश्न त्याबद्दलच आहे.

तापल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि ‘आई गं’ नंतर निघतं. हात मागे येणं ही प्रतिक्षिप्त क्रिया. ती पाठीच्या कण्याच्या पातळीवरच उरकते. ‘आई गं’ ही वेदना. पाय झाडण्यावरून फक्त पहिली गोष्ट सिद्ध होते. दुसरी शोधायची तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो: त्रास झाल्यावर हा प्राणी काही तोलून पाहतो का, लक्षात ठेवतो का, पुढचं वागणं बदलतो का?

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट एलवुड यांनी नेमकं हेच तपासलं. रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे घेऊन त्यांनी शंखाच्या आतून पोटाला विजेचे सौम्य झटके दिले. नावडत्या जातीच्या शंखातले खेकडे लवकर बाहेर पडले, आवडत्या शंखातले झटके सोसत आत राहिले. निव्वळ प्रतिक्षिप्त क्रियेला घर चांगलं की वाईट याच्याशी काही देणंघेणं नसतं. जे बाहेर पडले नाहीत, त्यांनीही नंतर दुसरा शंख समोर येताच तो घाईनं, फारसं न तपासता घेतला. हे काम २००९ सालचं. २०१३ मध्ये किनाऱ्यावरच्या खेकड्यांना उजेडाच्या टाकीत दोन अंधाऱ्या कपारी दिल्या आणि त्यांपैकी एकीतच झटका ठेवला. दुसऱ्या फेरीत बहुतेक खेकडे पुन्हा त्याच कपारीत गेले. पुढच्या फेऱ्यांत मात्र ते कपार बदलू लागले, आणि शेवटी झटका बंद केल्यावरही त्यांनी त्रासाची जागा टाळली.

विरोधी पुरावाही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. कोळंबीच्या मिशीला व्हिनेगरमधलं आम्ल लावलं तर ती नेमकी तीच मिशी साफ करते, घासत राहते, आणि आधी बधिर करणारं औषध लावलं तर हे कमी होतं, असा एका प्रयोगाचा निष्कर्ष होता. पुरी आणि फॉक्स यांनी २०१० मध्ये दुसऱ्या जातींवर आम्ल आणि अल्कली वापरून पाहिली, तेव्हा असं काही दिसलं नाही. पुढे त्यांनाच असं आढळलं, की गोड्या पाण्यातल्या एका जातीची शेवंड मिरचीतल्या तिखट द्रव्याला दाद देत नाही, पण जास्त उष्णतेला जोरात प्रतिसाद देते. म्हणजे एका जातीवरून दुसरीचा अंदाज बांधताना जपून. पण उष्णता त्यांना जाणवते हा निष्कर्ष भांड्याजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीनं चांगलाच अडचणीचा आहे.

ब्रिटिश सरकारनं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या जोनाथन बर्च यांच्या गटाकडून २०२१ मध्ये या सगळ्याचा आढावा करून घेतला. तीनशेहून अधिक अभ्यास, आठ निकष. खेकड्यांबाबत पुरावा भक्कम निघाला, शेवंडींबाबत बराच. जगभर तळ्यांत वाढवल्या जाणाऱ्या कोळंबीच्या जातींबाबत तो सर्वांत तोकडा, कारण त्यांच्यावर काम फारसं झालेलंच नाही. आढाव्यानंतर २०२२ च्या ब्रिटिश कायद्यात दहा पायांचे कवचधारी आणि ऑक्टोपस-माकुलांचा वर्ग संवेदनक्षम प्राण्यांत घेतला गेला. स्वित्झर्लंडनं त्याआधीच, १ मार्च २०१८ पासून, शेवंड बेशुद्ध केल्याशिवाय उकळत्या पाण्यात टाकायला बंदी घातली. माझं मत विचाराल तर शंभर टक्के खात्री कधीच होणार नाही, दुसऱ्या माणसाच्या वेदनेचीही होत नाही. पण काळजी घ्यायला पंचवीस मिनिटं लागत असतील आणि चवीत काहीही कमी होत नसेल, तर खात्रीसाठी अडून बसण्याचं कारण मला दिसत नाही.

आता ही काळजी घ्यायची कशी? इथे शरीररचना कळली नाही तर चांगल्या हेतूनंही प्राण्याचे हाल होतात. आपल्यासारखा डोक्यात एकवटलेला मेंदू यांना नाही. खेकड्यात चेतापेशींची दोन मुख्य केंद्रं असतात: एक पुढे, डोळ्यांच्या मागे, दुसरं मोठं, शरीराच्या मध्यभागी, पोटाच्या बाजूला, आणि पाय-डेंग्यांच्या नसा तिथून निघतात. शेवंडीत तर डोक्यापासून शेपटीपर्यंत, पोटाच्या बाजूनं, अशा केंद्रांची लांबलचक साखळीच असते. त्यामुळे डोळ्यांच्या मागे सुरीचं टोक खुपसलं आणि काम झालं, ही सर्रास चालणारी पद्धत अर्धवट आहे. पुढचं केंद्र जातं, मागची साखळी चालूच राहते. शेपूट पिरगळून वेगळी करणं त्याहून वाईट. त्यात पुढच्या केंद्राला हातही लागत नाही. आणि उकळत्या पाण्यात मोठा खेकडा मरायला दोन-तीन मिनिटंही लागू शकतात. डोकं आधी बुडवल्यानं त्यात काही फरक पडत नाही.

पहिली पायरी गारव्याची. बारीक फोडलेला बर्फ तीन भाग, पाणी एक भाग. समुद्री प्राण्यासाठी पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राएवढा खारटपणा. साध्या पाण्यात समुद्री खेकडा टाकला तर ते पाणी त्याच्या अंगात शिरतं आणि तो फुगून बराच वेळ तडफडतो. ‘गोड्या पाण्यात शांत मरतो’ हा समज पार उलटा आहे. बर्फ वितळतो तसा खारटपणाही पातळ होत जातो, म्हणून जमलं तर बर्फही खाऱ्या पाण्याचाच करावा. गोड्या पाण्यातल्या जातींना साधं पाणी आणि साधा बर्फ. प्राणी पूर्ण बुडाला पाहिजे आणि किमान २० मिनिटं राहिला पाहिजे, मोठा असेल तर जास्त.

घड्याळावर मात्र विसंबू नका, प्राण्याकडे पाहा. तोंडाजवळचे बाहेरचे अवयव बोटानं हलवले तर विरोध नको. डोळ्याजवळ कवचावर टिचकी मारली तर डोळा आत जायला नको. उचलल्यावर पाय लोंबले पाहिजेत. यांपैकी एकही प्रतिसाद दिसला तर परत बर्फात. डेंग्यांना बांधलेली दोरी किंवा रबर तोवर काढू नये.

यात एक मोठी मेख आहे. उष्ण पाण्यात वाढणाऱ्या जाती गारव्यानं लवकर बधिर होतात, थंड समुद्रातल्या होत नाहीत. ४-५ अंशांच्या पाण्यात जगणाऱ्या शेवंडीला बर्फ म्हणजे घरचंच वातावरण. ती मंदावते, पण नसा चालू राहू शकतात. म्हणून बर्फ ही तयारी समजावी आणि मारण्याचं काम सुरीनंच करावं. फ्रीजरमध्ये हवा गार असली तरी अंग फार हळू गार होतं. पाय आधी गोठतात आणि आतलं अंग तसंच राहतं. विसरलात तर मांसही पाणचट होतं.

खेकडा उताणा ठेवा. पोटावर दुमडलेली त्रिकोणी झडप उचला. तिच्याखाली एक लहानसा खळगा दिसतो. तिथून जाड, अणकुचीदार टोचा जवळजवळ सरळ, साधारण ८५ अंशांत, समोरच्या कवचाला टेकेपर्यंत घाला आणि फिरवा. मग पुढे, डोळ्यांच्या मधोमध खालच्या बाजूला जो उथळ खळगा आहे, तिथून साधारण ६० अंशांचा कोन धरून तसंच करा. दोन्ही मिळून दहा सेकंदांच्या आत झालं पाहिजे. हात थबकला, टोचा बोथट निघाला किंवा घसरला तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून आधी एखाद्या मेलेल्या खेकड्यावर दोन्ही खळगे शोधून हात बसवलेला बरा.

शेवंडीला टोचा पुरत नाही, जड सुरी लागते. छाती आणि शेपूट जिथे जुळतात तिथे मध्यरेषेवर टोक रोवून एका दाबात डोक्याकडे चिरायचं. लगेच सुरी फिरवून त्याच रेषेत शेपटीकडे. दोन उभे भाग झाले की साखळी सगळीकडे तुटते. त्यानंतरही पाय थोडे थरथरतात. ते स्नायूंचं आकसणं. त्याला घाबरून पुन्हा पुन्हा खुपसत बसू नये. विजेनं बेशुद्ध करणारी यंत्रं क्षणार्धात काम करतात आणि व्यावसायिक स्वयंपाकघरासाठी तीच सर्वांत चांगली. घरातल्या वायरीनं तसलं काही करायला जाऊ नये; खेकड्याआधी माणूस जाईल.

जिवंतच उकळायला हवं या समजामागे एक रास्त भीती आहे. मेल्यावर पचनग्रंथीतली विकरं (एन्झाइम) बाहेर पडून मांस पिठूळ करतात, आणि व्हिब्रिओसारखे जिवाणू झपाट्यानं वाढतात. पण ही गोष्ट तासांची आहे, मिनिटांची नाही. सुरी चालवून पाचेक मिनिटांत भांड्यात टाकलं तर पोतात फरक पडत नाही. म्हणून मारण्याआधीच पाणी उकळत ठेवावं. शिजवायला उशीर होणार असेल तर कवच उघडून ही पिवळी पचनग्रंथी काढावी आणि मांस बर्फात ठेवावं. टोचलेल्या खेकड्यात छिद्रांतून पाणी शिरतं, म्हणून उकळायच्या पाण्यातही लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालावं, किंवा सरळ वाफवावं. किलोभराच्या खेकड्याला १५ ते २० मिनिटं, अर्धा किलोच्या शेवंडीला ८ ते १०. मांस आतपर्यंत अपारदर्शक आणि ६३ अंशांवर गेलेलं असलं पाहिजे.

कोळंबीचं अंग लहान, त्यामुळे बर्फाच्या पाण्यात ती लवकर गार होते. हालचाल थांबल्यावर डोक्यापासून उभी चिरली की झालं. कालवं आणि शिंपले यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात चेतापेशींचे काही जोडगुच्छ आहेत, मेंदू म्हणावं असं काही नाही, आणि मोठं झालेलं कालव तर जागचं हलतही नाही. त्यांना वेदना होत असेल याचा पुरावा फारच तुटपुंजा आहे. तरी मंद आचेवर हळूहळू तापवण्यापेक्षा खळखळत्या वाफेत एकदम टाकणं केव्हाही बरं. शिजवेपर्यंत ओल्या फडक्यात, गार जागी ठेवावेत, नळाच्या पाण्यात बुडवू नयेत. उघडा शिंपला टिचकी मारून मिटला नाही तर तो आधीच मेलेला आहे, टाकून द्यावा.