राख झटकू नका

हा टक टक आवाज ऐका. पात्याचा आवाज आहे हा. अर्धचंद्रासारखं पातं, मूठबिठ काही नाही, क्युबात याला चावेता म्हणतात आणि सिगार वळणाऱ्याला तोर्सेदोर. टेबलावर सामान किती, तर एक लाकडी फळी, हे पातं आणि वासचव नसलेल्या डिंकाची वाटी. बस्स.

आता त्याच्या डाव्या हाताकडे बघा. पानं नुसती गुंडाळत नाहीये तो, एकेक पान पंख्यासारखं दुमडून मुठीत घेतोय, म्हणजे मधून हवेला वाट राहते. इथं जरा जास्त आवळलं की पुढं ओढणाऱ्याचे गाल दुखणार, आणि सैल राहिलं तर सिगार भसाभसा जळून तोंड पोळणार. चव चव म्हणून आपण नंतर जे काय बोलू ना, ते निम्मं या मुठीतच ठरतं, असं माझं तरी मत झालंय हे बघून.

मुठीतली पानं झाडाच्या वेगवेगळ्या मजल्यांवरची आहेत. वरचं लिहेरो, सगळ्यात जास्त ऊन खाल्लेलं, जाड, कडक, हळू जळणारं, म्हणून ते कायम मधोमध. मधलं सेको, सुगंधासाठी. खालचं बोलादो, अंगानं हलकं पण जळायला चांगलं. आणि बाहेरून जे गुळगुळीत पान चढतंय ते मात्र वेगळ्या शेतातलं, हे बघा, क्युबातल्या पिनार देल रिओमधलं पांढऱ्या कापडाखाली झाकलेलं शेत. सावलीत पान मोठं होतं, पातळ होतं, शिरा बारीक राहतात.

वळण्याच्या कितीतरी आधी, तोडलेली पानं वखारीत काठ्यांवर टांगून साधारण ५० दिवस, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं तपकिरी. त्यानंतर ढीग रचून आंबवायचं, तो ढीग आतून इतका तापतो की अधूनमधून उलथून परत रचावा लागतो, आणि त्याच उष्णतेत पानातला अमोनिया निघून जातो. सिगारचा धूर नाकात झोंबला तर समजायचं इथं कुणीतरी घाई केली.

आणि या बाई? या सिगार वळत नाहीत, वाचतात. १८६५ मधे हवानातल्या एल फिगारो कारखान्यात हे सुरू झालं, सगळे माना खाली घालून वळतायत आणि एकजण मोठ्यानं वाचतोय, पेपर, कादंबऱ्या, आणि वाचणाऱ्याचे पैसे कामगारच आपल्या मजुरीतून द्यायचे. पुढच्याच वर्षी सरकारनं बंदी घातली, कामगार शहाणे व्हायला लागले की कुणाला आवडतं! पण प्रथा टिकली. वाचलेलं पसंत पडलं तर टाळ्या नाही वाजवत, फळीवर चावेता आपटतात. सुरुवातीला ऐकलात तो आवाज हाच.

आता ही आपली सिगार. रोबुस्तो हा तिचा आकार, लांबी १२४ मिलिमीटर, जाडी ५० रिंग गेज, म्हणजे इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले ५०, जवळपास २ सेंटिमीटर. आधी बोटांनी हलकं दाबून बघायचं, कुठं पोकळ तर नाही ना. मग टोपी, म्हणजे तोंडाकडचं बंद टोक, कापायची, फक्त २ मिलिमीटर, जास्त कापली की वरचं पान सुटायला लागतं. पेटवायच्या आधी एक कोरडा झुरका. मला इथं गवताचा आणि चामड्याचा वास आला, तुम्हाला दुसरंच काही येईल.

ज्योत टेकवायची नाही. लांबूनच फिरवत फिरवत कड लाल करायची, हा शॉट मुद्दाम पूर्ण ठेवलाय, कापला नाहीये. धूर तोंडातच घोळवायचा, छातीत घ्यायचा नाही, आणि थोडासा नाकावाटे सोडायचा कारण चवीतलं बारीकसारीक सगळं नाकालाच कळतं. मिनिटाला एक झुरका पुरे, भराभर ओढलं की सिगार तापते आणि कडू होते, मग लोक म्हणतात सिगारच वाईट होती.

हां, छातीत नाही घेतला म्हणून धूर निरुपद्रवी होत नाही, तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर सिगारनं होतो आणि निकोटिनची सवयही लागते.

सिगारचे तीन हिस्से धरले तर पहिल्यात लाकूड, किंचित मिरी. मधल्यात गोडवा, भाजलेली कॉफी, कोको, माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग हाच. उबेनं सिगारवरच्या कागदी पट्टीचा डिंक सैल झालाय, आता ती अलगद निघते, आधी ओढाल तर पान फाटेल. आणि राख बघा, बोटाच्या पेराएवढी झाली तरी उभी आहे, आत अखंड पानं आहेत म्हणून, चुरा असता तर कधीच पडली असती. झटकू नका, पडेल तेव्हा पडेल.

शेवटचा हिस्सा कडक. रिकाम्या पोटी बसलात तर इथं गरगरायला लागतं. आणि संपली म्हणून चिरडायची नाही, घाण वास सुटतो, नुसती ठेवून द्यायची. ही अशी. आपोआप विझते.