किल्ली कोणाकडे?

(नागपुरात ज्येष्ठ नागरिकांसमोर एका निवृत्त डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

तुम्ही मला विषय दिला आहे 'उतारवयातलं समाधान'. मी सुरुवात कानापासून करणार आहे, मग लघवीवर येईन आणि मग पायांवर. व्यासपीठावरून हे सहसा कोणी बोलत नाही. पण नागपुरात आयुष्यभर मेडिसिनची प्रॅक्टिस केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, की म्हातारपणीचा एकटेपणा पुष्कळदा शरीराच्या एखाद्या बारीकशा अडचणीतून घरात शिरतो. अडचण सांगायची लाज वाटते, म्हणून माणूस बाहेर जाणं सोडतो. आणि आजूबाजूचे म्हणतात, यांना आता कशात रस राहिला नाही.

'करमत नाही' एवढीच तक्रार घेऊन येणारे रुग्ण मी फार पाहिले. त्यातले एक काका मला नेहमी आठवतात. कोळसा कंपनीतून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी बगीच्यात पत्ते खेळणारे. मुलगा सोबत आला होता. तो म्हणाला, बाबांनी जाणंच सोडलं, चिडचिड वाढली, सांगितलेलं विसरतात. त्याला स्मृतिभ्रंशाची भीती वाटत होती. मी विचारलं, काका, पत्ते का सोडले? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आवाज त येते मॅडम, पन बोलनं समजत नाही. सगळे हासले की मीबी हासतो. किती दिवस हासनार?"

पत्त्यांची हौस जशीच्या तशी होती. गेला होता तो कान, आणि तोही पूर्ण नाही. वय वाढतं तशा कानाच्या आतल्या बारीक पेशी झिजतात, आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. आधी जातो तो वरच्या पट्टीतला आवाज. 'आ', 'ओ' हे स्वर भक्कम ऐकू येतात. 'स', 'श', 'फ', 'त' ही हलकी व्यंजनं निसटतात. कोणी 'सात' म्हटलं की 'आत' ऐकू येतं. त्यामुळे माणूस शपथेवर सांगतो, मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच नीट बोलत नाही. ते खरंच असतं त्याच्या दृष्टीनं. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी अवघड होतात, म्हणजे नातीचं बोलणं सगळ्यात आधी हरवतं. त्यात आपलं नागपूर! एप्रिलमध्ये कूलर सुरू झाला की अशा माणसाचं घरातलं संभाषण पावसाळ्यापर्यंत बंद पडतं.

२०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं स्मृतिभ्रंशाची धोक्याची चौदा कारणं मांडली. ही चौदाही कारणं दूर करता आली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत बहिरेपणा आहे आणि लोकांपासून तुटणंही आहे. दोन्ही एकाच यादीत असणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पहिलं दुसऱ्याला घरी घेऊन येतं. अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं एक चाचणी झाली, २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. सरसकट सगळ्यांना कानाच्या मशीननं फायदा झाला असं दिसलं नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली.

तेव्हा आधी कानात मळ साचलाय का ते बघून घ्या. कितीतरी जणांचं काम तेवढ्यावर होतं. मग कानाची चाचणी. मशीन लागलं तर ते चष्म्यासारखं पहिल्याच दिवशी जमत नाही. मेंदूला त्या आवाजांची सवय व्हायला काही आठवडे जातात. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, स्वतःचाच आवाज परका वाटतो. पुन्हापुन्हा जाऊन मशीन बसवून घ्यावं लागतं. हे कोणी सांगत नाही, म्हणून हजारो रुपयांची मशीनं कपाटात पडून आहेत. घरच्यांनी ओरडू नये. समोर बसावं, टीव्ही बंद करावा, सावकाश बोलावं. आणि मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे, खुर्च्या अशा रांगेत मांडू नका, गोल मांडा. ओठ दिसले की अर्धं बोलणं समजतं.

आता लघवी. पुरुषांचं प्रोस्टेट वाढतं, दर तासाला जावं लागतं, ही गोष्ट निदान ते आपसात बोलतात तरी. बायका बोलतच नाहीत. खोकलं, हसलं की थेंब जातो, जोर आला की थांबवता येत नाही. म्हणून काकू हळदीकुंकवाला जात नाहीत, मुंजीला जात नाहीत, 'बरं नाही' म्हणतात. आणि जायचंच असलं तर सकाळपासून पाणी पीत नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, पाणी न पिणं! म्हातारपणी तहान तशीही कमी लागते. मग लघवीचा जंतुसंसर्ग होतो, माणूस एकदम बरळायला लागतो, आणि घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. अशा कितीतरी आज्या मी भरती केल्या आहेत. यातल्या बहुतेक त्रासांवर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, औषधं आहेत, कधी छोटं ऑपरेशन आहे. बीपीसाठी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी चालू असेल तर तिची वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारा. मनानं बदलू नका. सहल काढताना देवळाआधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघा. आपल्या मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आहे, स्वच्छतागृह आहे. सीताबर्डीला जायला पूर्वी जो धीर लागायचा तो आता लागत नाही.

पायांबद्दल थोडक्यात. एकदा बाथरूममध्ये घसरलं की हाड जुळतं, भीती जुळत नाही. त्या भीतीनं माणूस बसून राहतो, बसल्यानं मांड्यांची ताकद जाते आणि पडण्याचा धोका आणखी वाढतो. झोपेच्या गोळ्या, पिकलेला मोतीबिंदू, उभं राहिल्यावर उतरणारं बीपी, बी-१२ ची कमतरता, हे सगळं तपासून घ्या. आणि व्यायाम करा, तोलाचा आणि ताकदीचा. १०८ चाचण्यांचा २०१९ मध्ये आढावा घेतला गेला, त्यात व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. हात छातीवर बांधून खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, एवढ्यापासून सुरुवात करता येते. काठीची लाज तर मुळीच बाळगू नका.

समजा कान, लघवी, पाय सगळं मार्गी लागलं. माणूस दारापर्यंत आला. आता जायचं कुठे, आणि कोण वाट बघतंय?

२०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तीन लाखांहून जास्त माणसांचे. ज्यांचे लोकांशी संबंध घट्ट होते, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. पण 'नाती जपा' असं नुसतं सांगून काही होत नाही. जोडीदार गेलेला असतो, मित्र एकेक करून जातात, पोरं पुण्याला, हैदराबादला, परदेशात. पंचाहत्तरीला नवी मैत्री कशी करायची? मला एकच रस्ता दिसला आहे: काम अंगावर घ्या.

कुठल्याही मंडळात सभागृहाची किल्ली एका माणसाकडे असते. नीट बघा, तो माणूस रोज येतो. पाऊस असो, गुडघा दुखो, येतोच. तो दहा मिनिटं उशिरा आला तर चार फोन जातात. नुसता सदस्य असलेला माणूस महिनाभर आला नाही, तर "गेले असतील मुलाकडे" म्हणून विषय संपतो. दोघांनी वर्गणी सारखीच भरलेली असते. फरक एवढाच, की एकाची गरज आहे. म्हणून मी प्रत्येक मंडळाला सांगते, कामं वाटा, आणि एकाच उत्साही माणसाकडे सगळी ठेवू नका. किल्ली एकाकडे, सतरंजी दुसऱ्याकडे, वाढदिवसांची वही तिसरीकडे. जो आला नाही त्याला त्याच संध्याकाळी फोन करण्याचं काम चौथीकडे, आणि ते सगळ्यात मोठं काम. एकट्या राहणाऱ्या बाईला तो फोन म्हणजे कधीकधी दिवसभरातलं पहिलं बोलणं असतं.

कामासाठी मंडळच हवं असंही नाही. मेडिकलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, गडचिरोलीहून, गोंदियाहून, पलीकडे बालाघाट-छिंदवाड्याहून माणसं पेशंट घेऊन येतात. कुठला फॉर्म, कुठली खिडकी, काही कळत नाही. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ पत्नी गेल्यावर वर्षभर घरात बसून होते. आता आठवड्यातून दोनदा सकाळी तिथे जातात, फॉर्म भरून देतात, रांग दाखवतात. मला म्हणाले, "मॅडम, त्या गर्दीत मला कोणी 'कसे आहात' विचारत नाही. 'काका, हे कुठी भरायचं?' विचारतात. तेच बरं वाटते." मला हे अगदी पटतं. दुःखात असलेल्या माणसाला सहानुभूती काही दिवस पुरते. त्यानंतर त्याला उपयोगी पडायचं असतं.

पोरांसाठीही एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती त्यांना घरी जाऊन सांगा. मुलगी पुण्यात बसून आईसाठी भाजी, दूध, औषधं सगळं मोबाइलवरून मागवते. प्रेमापोटीच करते. पण आई गोकुळपेठेच्या बाजारात जायची तेव्हा भाजीवाली विचारायची, "काकू, दोन दिवस दिसल्या नाहीत?" औषधाच्या दुकानातला पोरगा गुडघ्याची चौकशी करायचा. ही नाती नव्हेत, ओळखी आहेत. पण दिवस त्यांनीच बांधलेला असतो. तांदळाचं पोतं खुशाल मागवा, आईची कोथिंबीर मात्र तिला आणू द्या.

आता एक बाब पटकन. घर मुलांच्या नावे करताना घाई करू नका. २००७ चा पालक आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. त्यासाठी ती अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. त्यात मुलांवर अविश्वास नाही. अडचणीत १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, नंबर फोनमध्ये आजच टाकून ठेवा.

आणि तरुणांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं २०२५ मध्ये सांगितलं, की जगात दर सहा माणसांत एक एकटेपणानं त्रस्त आहे. वाचताना मला वाटलं, यात आपणच जास्त असणार. तसं नाही. तेरा ते एकोणतीस वयाच्या मुलामुलींत हे प्रमाण १७ ते २१ टक्के आहे. आपल्या शहरात यवतमाळ, चंद्रपूर, भंडाऱ्याची किती पोरं शिकायला येतात! एका खोलीत तिघं-चौघं, मेसचा डबा, परीक्षेचं ओझं. आणि आपल्या घरात वरचा मजला रिकामा. भाड्यानं द्या, करारनामा करा, पोलिसांकडे नोंद करा, सगळं रीतसर करा. पण सणाच्या दिवशी त्यांना पानावर बोलवा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाला, घरात कोणी लहान नाही म्हणून उदास बसण्यापेक्षा, परीक्षेत नापास झालेल्या पोराला गरम पोळी वाढणं फार मोठी गोष्ट आहे. तो तुम्हाला फोनवर पैसे पाठवायला शिकवेल, तुम्ही त्याला रडू द्या.

मी थांबणार होते, पण मघाशी एका काकूंनी चिठ्ठी पाठवली आहे. लिहितात, "आमचे हे निवृत्तीनंतर खोलीतून बाहेरच निघत नाहीत. कितीदा म्हटलं चला मंडळात. काय करू?"

काकू, त्यांना साठ माणसांत आणू नका. गर्दीत घुसणं एकट्या पडलेल्या माणसाला सगळ्यात अवघड जातं. आधी कान तपासा. मग हे बघा, की दोन आठवड्यांहून जास्त काळ जेवणाची गोडी गेली आहे का, पहाटे तीनला जाग येते का, 'आता काय राहिलंय' असं बोलतात का. तसं असेल तर ते नैराश्य असू शकतं. आपल्या वयात ते अंगदुखी, पोटाच्या तक्रारी असे वेष घेऊन येतं, आणि औषधांनी बरं होतं. 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरकडे न्या. जायला तयार नसतील तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर तुम्ही स्वतः बोला, मराठीत बोलता येतं. जीव देण्याची भाषा असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका.

आणि तसं काही नसेल, तर मंडळातल्या एकाच माणसाला घरी पाठवते. ते येऊन 'चला' म्हणणार नाहीत. तुमचे हे पूर्वी कशात होते, काकू? हिशेबात? छान. मग मंडळाच्या वर्षभराच्या पावत्या घेऊन येतील आणि म्हणतील, "भाऊ, हे जुळत नाही आहे, जरा बघून द्या." पावत्या त्यांच्याकडेच ठेवून जातील. पुढच्या गुरुवारी न्यायला येतील.