मुळेच्या पाण्यावर रोइंग: पहिले काही महिने

[दृश्य: पहाट, संगमाजवळची नदी. चौघं खांद्यावर लांब, निमुळती बोट घेऊन उतारावरून येतात.]

निवेदन:

पुण्यात रोइंग, म्हणजे वल्ह्यांनी बोट चालवण्याचा खेळ, होतो तो एका बंधाऱ्याच्या कृपेनं. मुळा आणि मुठा संगमाला भेटतात, पुढे बंडगार्डनच्या बंधाऱ्यापाशी पाणी अडतं आणि त्यामुळे मागे, संगमाच्या वरपर्यंत, बोट चालवण्याइतकी खोली टिकून राहते. याच तुंबलेल्या पाण्याच्या काठी पुण्याचे जुने बोट क्लब उभे राहिले. सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, बोट क्लब 1928 सालचा. त्यांची रेगाटा, म्हणजे नदीवरचा बोटींचा सोहळा, बघायला शहर लोटतं. रॉयल कॅनॉट क्लब त्याहून जुना. दापोडीला सीएमईच्या, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, आवारात सेनादलाचं रोइंग केंद्र आहे, राष्ट्रीय स्पर्धा तिथं झाल्या आहेत. नाशिककरांना गोदावरीवर केटीएचएम महाविद्यालयाचा बोट क्लब आहे.

क्लबमध्ये नाव घालायचं तर कधी? दिवाळी झाली की लगेच. कारण नदीचं वेळापत्रक आपल्या हातात नाही. पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत, मुळशीतून मुळेत विसर्ग सुरू झाला की संगमावर सगळं एकत्र येतं. त्या प्रवाहात नवशिक्यानं बोट घालायचीच नाही. उन्हाळा जवळ आला की जलपर्णी पसरते. ती वल्ह्याच्या पात्याला गुंडाळते, बोटीच्या तळाला असलेल्या फिनमध्ये, म्हणजे छोट्या उभ्या पट्टीत, अडकते, आणि मग बोट सरळ जाईना म्हणून आपण उगाच हाताला दोष देत बसतो. नोव्हेंबर ते जानेवारी हे शिकण्याचे सोन्यासारखे महिने.

[दृश्य: क्लबचं कार्यालय, अर्ज, मग तरणतलाव.]

क्लब तुमच्याकडे दोन गोष्टी मागेल: डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि पोहण्याची चाचणी. साधारणपणे 50 ते 100 मीटर पोहणं, तेही टी-शर्ट आणि शॉर्ट्स घालून, आणि काही वेळ जागच्या जागी तरंगणं. पोहता येत नसेल तर आधी ते शिका, यात सूट मागू नका. तुम्हीही क्लबला दोन गोष्टी विचारा. नवशिके पाण्यात असताना प्रशिक्षकाची मोटरबोट सोबत असते का? आणि शिकायला रुंद तळाच्या, स्थिर बोटी किती आहेत? पहिल्याच दिवशी शर्यतीच्या अरुंद बोटीत बसवणारा क्लब उत्साही असेल, पण शहाणा नाही.

[दृश्य: हॉल. अर्गोमीटरची रांग. पंख्याचा आवाज.]

पहिले दोन-तीन आठवडे पाणी लांबूनच दिसतं. सगळा वेळ अर्गोवर, म्हणजे जमिनीवर रोइंगचा सराव करायच्या यंत्रावर. अनेकांना इथंच कंटाळा येतो आणि गळती लागते. पण हाताला चुकीची सवय लागली तर ती डुगडुगत्या बोटीत सुधारता येत नाही, अर्गोवर येते.

एक स्ट्रोक म्हणजे चार टप्पे. कॅच: गुडघे दुमडलेले, नडग्या जवळजवळ उभ्या, हात सरळ, धड कमरेतून पुढे. ड्राइव्ह: पायांनी फळीला रेटा. फिनिश: हँडल बरगड्यांच्या खालच्या टोकाशी. रिकव्हरी: परत पुढे. क्रम पाठ करून ठेवा. मागे जाताना पाय, धड, हात. पुढे येताना हात, धड, पाय. ताकदीचा निम्म्याहून बराच मोठा वाटा पायांचा असतो. बघणाऱ्याला मात्र हातच दिसतात, म्हणून नवा माणूस हातांनीच ओढतो आणि दहा मिनिटांत त्याचे खांदे भरून येतात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक अशी: पाय सरळ होतात, सीट मागे सरकते, पण हँडल जागेवरच राहतं. म्हणजे पायांची ताकद हँडलपर्यंत पोचलीच नाही. कमरेत आणि पोटात ताठपणा नसला की असं होतं. दुसरी चूक येतानाची. हात सरळ व्हायच्या आत गुडघे वर येतात आणि हँडल गुडघ्यांवरून उचलून न्यावं लागतं. अर्गोवर त्यानं काही बिघडत नाही. बोटीत मात्र हँडल वर गेलं की पातं पाण्यात बुडतं.

पंख्याच्या बाजूला 1 ते 10 आकड्यांचा डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करणारा खटका, असतो. जिममध्ये तो बहुतेक वेळा 10 वर ठेवलेला सापडेल. त्यानं व्यायाम चांगला होतो हा गैरसमज आहे. कंबर मात्र नक्की धरते. स्क्रीनवर ड्रॅग फॅक्टर, म्हणजे पंख्याला होणारा विरोध, बघा आणि तो 100 ते 130 च्या दरम्यान येईल असा डॅम्पर लावा, साधारण 3 ते 5. स्ट्रोक मिनिटाला 18 ते 22. यापेक्षा जलद गेलात तर चुका लपतात. रिकव्हरीला ड्राइव्हच्या दुप्पट वेळ द्या.

स्क्रीनवरचा दुसरा आकडा 500 मीटरला लागणाऱ्या वेळेचा. तो कमी करणं दिसतं तितकं सोपं नाही, कारण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 2 मिनिटं 30 सेकंदांना साधारण 104 वॅट लागतात, 2 मिनिटांना 203. अर्धा मिनिट वाचवायला जवळजवळ दुप्पट. पहिल्या महिन्यात या आकड्याच्या मागे लागू नका.

[दृश्य: बोटघर. रॅकवर उलट्या ठेवलेल्या बोटी. एक हात रिगरचे नट तपासतो.]

आता बोट. एकट्यानं चालवायच्या सिंगल स्कलची लांबी आठ मीटरच्या आसपास, आणि स्पर्धेत तिचं वजन किमान 14 किलो असावं लागतं. आठ जणांच्या बोटीचं किमान वजन 96 किलो. बोट हलकी आहे, म्हणूनच नाजूक आहे. ती उचलताना आणि वळवताना जितकी फुटते तितकी पाण्यात फुटत नाही. दाराचा खांब दिसला की मागचं टोक कुठं जातंय ते ओरडून सांगायला एक माणूस हवाच.

पाण्यात घालण्याआधी चार गोष्टींवरून हात फिरवा. पुढच्या टोकाला पांढरा रबरी चेंडू घट्ट आहे ना. दुसऱ्या बोटीला किंवा माणसाला टोक भोसकू नये म्हणून तो असतो. हवेच्या कप्प्यांची झाकणं बंद आहेत ना. बोट उलटली तर याच हवेवर ती तरंगते. बुटांच्या टाचांना बांधलेली दोरी शाबूत आहे ना. टाच थोडीच उचलली जाते, म्हणून पाय ओढताच बुटातून सुटतो. आणि रिगरचे, म्हणजे वल्ही पेलणाऱ्या बाहेरच्या दांड्यांचे, नट घट्ट आहेत ना. बहुतेक बोटींना 10 मिलिमीटरचा पाना चालतो.

वल्ही अदलाबदल करून चालत नाहीत. लाल खुणेचं तुमच्या उजव्या हाताला, हिरव्या खुणेचं डाव्या. गेटचं, म्हणजे वल्हं जिच्यात बसतं त्या कडीचं, तोंड बोटीच्या मागच्या टोकाकडे हवं, म्हणजे तुम्ही ज्या बाजूला तोंड करून बसता तिकडे. ते उलटं राहिलं की वल्हं धड फिरत नाही, आणि नवशिक्याला कारण कळत नाही.

[दृश्य: धक्का. एक मुलगी बोटीत उतरते. कॅमेरा तिच्या हातांवर.]

बोटीत उतरताना दोन्ही हँडल एका हातात धरा, पाती पाण्यावर आडवी. हा हात सुटला की बोट उलटलीच म्हणून समजा. सायकलला जशी चाकं तशी या बोटीला वल्ही. वल्ही पसरलेली असतात तोवर बोट उभी असते. पाय फक्त सीटच्या रुळांच्या मधल्या खडबडीत फळीवर. बाकी तळ इतका पातळ असतो की टाच आरपार जाते.

बसल्यावर डावा हात उजव्याच्या किंचित वर. हँडल मधे एकमेकांवरून जातात, म्हणून डावीकडचं गेट एक-दोन सेंटीमीटर उंच बसवलेलं असतं. बोट एका बाजूला कलली की सगळे अंग वाकडं करून तोल सावरायला जातात. कारण हातांत असतं: एक हँडल वर, एक खाली. दोन्ही पुन्हा आपापल्या उंचीवर आणा, बोट आपोआप सपाट होते. मूठ आवळू नका. हँडल बोटांत धरायचं, अंगठा टोकावर. आवळलेल्या मुठीनं पातं नीट फिरत नाही, तिरकं पाण्यात शिरतं आणि खोल ओढलं जातं. याला क्रॅब लागणं म्हणतात. सिंगलमध्ये क्रॅब लागला तर झटापट नको, बोट मंदावू द्या, मग पातं काढा. आठ जणांच्या वेगातल्या बोटीत हँडल छातीवर आदळायला येतं. तिथं मागे आडवं व्हा आणि ते डोक्यावरून जाऊ द्या.

तुम्ही पाठ करून पुढे जाता हे विसरू नका. चार-पाच स्ट्रोकनंतर एकदा मान वळवून बघायचंच. कॉक्स, म्हणजे दिशा सांभाळून हुकूम देणारा, असलेल्या बोटीत हे काम त्याचं. तिथं हुकूम ओळखायला शिका. ‘ईझी ऑल’ म्हणजे थांबा, ‘होल्ड वॉटर’ म्हणजे पाती पाण्यात रोवून बोट अडवा, ‘बॅक’ म्हणजे उलटं वल्हवा. ‘होल्ड वॉटर’ ऐकलं की आधी करा, का ते नंतर विचारा.

आणि बोट उलटली तर? बोट सोडायची नाही. काठ कितीही जवळ दिसो. तिला धरून पाय मारत किनाऱ्याला या.

[दृश्य: 2016 च्या रिओ ऑलिम्पिकची छायाचित्रं.]

उंची असेल तर या खेळात फायदा होतो, स्ट्रोक लांब पडतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी गावात वाढला. 2012 साली सैन्यात भरती झाला आणि पुण्यात रोइंग शिकला. चारच वर्षांत, रिओला, सिंगल स्कलमध्ये तो तेरावा आला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या क्वाड्रपल स्कलमध्ये सुवर्ण. अशी मजल फार थोड्यांची, पण या खेळासाठी लहानपणापासून नदीकाठी राहिलेलं असावं लागतं, हा समज त्यानं मोडला.

[दृश्य: हाताचे तळवे, मग नळाखाली धुतली जाणारी बोट.]

पहिल्या आठवड्यात तळव्यांना फोड येणारच. हातमोजे घालू नका, हँडलची जाणीव जाते. फोड फुटला तर टेप लावूनच पाण्यात जा, कारण नदीत सांडपाणी मिसळतं. परत आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका. कपडे अंगाबरोबर असावेत. ढगळ शर्टात हँडल अडकतं आणि सरकत्या सीटच्या चाकांत पँटचा काठ जातो.

तीन-चार महिन्यांनी शर्यतीचा विषय निघेल. ऑलिम्पिकचं नेहमीचं अंतर 2000 मीटर, पण आपल्याकडे 500 मीटरच्या स्प्रिंट शर्यतीही होतात. सुरुवात तिथूनच करा.

पाण्यातून आलात की बोट गोड्या पाण्यानं धुवा, पुसा, हवेच्या कप्प्यांची झाकणं उघडी ठेवा म्हणजे आतली ओल सुकेल. रुळांवरची काळी माती फडक्यानं काढा. काही सैल झालं, कुठं ओरखडा आला, तर रजिस्टरमध्ये बोटीच्या नावापुढे लिहा आणि तिला रॅकवर चढवण्याआधी प्रशिक्षकाला दाखवा.