चिमूटभर मीठ, मूठभर गूळ: जगणं कुठे बरं, बांगलादेशात की पाकिस्तानात?

(कॅमेऱ्यासमोर तीन बोटांची चिमूट धरून)

ही चिमूट नीट बघा. तीन बोटं, आणि मीठ पहिल्या पेरापर्यंत. त्यात मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. झालं औषध.

१९८० पासून दहा वर्षं बांगलादेशात बायका दारोदार फिरून एवढंच शिकवत होत्या: पोराला जुलाब लागले की हे पाणी पाजत राहा. काम होतं ब्रॅक या संस्थेचं. मला यात सगळ्यात भारी वाटते ती पगाराची पद्धत. किती घरं केलीत, यावर पैसे नाहीत. मागाहून तपासनीस यायचा, त्यातल्या काही आयांना गाठून प्रश्न विचारायचा, आणि आईला जेवढं आठवेल त्या मानाने शिकवणारीला पैसे मिळायचे. मग कोण भाषण देत बसेल? आईलाच चिमूट धरायला लावायची, तिच्याच हातून पाणी करून घ्यायचं. अशी सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली.

आता आजचा प्रश्न. बांगलादेश आणि पाकिस्तान, साध्या माणसाचं जगणं कुठे बरं?

ही जोडी मुद्दाम घेतलीये. १९४७ ते १९७१ हा एकच देश होता, पण वाटणी सरळ नव्हती. राजधानी पश्चिमेला, लष्कराची सूत्रं पश्चिमेला. पूर्वेला १९७० चं चक्रीवादळ, ज्यात किमान तीन लाख माणसं गेली, आणि लगेच पुढच्या वर्षी युद्ध आणि कत्तली. नवा देश उभा राहिला तोच मोडक्या पुलांवर आणि उपाशी पोटी.

(स्क्रीनवर दोन आकडे)

हे बघा. १९५१ ची जनगणना. पूर्वेकडे सुमारे ४ कोटी २० लाख लोक, पश्चिमेकडे ३ कोटी ४० लाखांच्या आसपास. म्हणजे पूर्व भाग मोठा. आणि आज? पाकिस्तानच्या २०२३ च्या जनगणनेत २४ कोटी, बांगलादेश साधारण १७ कोटी. पारडं पार उलटं फिरलं.

या उलटापालटीच्या मागे एक बाई आहे, जिला सात बाळंतपणांऐवजी दोन करावी लागली. सत्तरीच्या दशकात बांगलादेशात एका बाईला सरासरी सहा-सात मुलं व्हायची, आता दोनच्या थोडं वर. पाकिस्तानात अजून साडेतीनच्या घरात. का? कुटुंबनियोजनाची कार्यकर्ती घरी यायची, गोळ्या दारात मिळायच्या. पोरं जुलाबाने दगावेनाशी झाली, तेव्हा 'दोन-चार जास्तीची असू देत' ही भीती ओसरली. आणि १९९४ पासून खेड्यातल्या मुलींना माध्यमिक शाळेसाठी देशभर वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, सुरू झाला. अटी ऐका: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण, आणि लग्न करायचं नाही. पैसे मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात. चौदा वर्षांच्या पोरीच्या नावाचं पासबुक! तिच्या आईने बँक आतून पाहिली होती का, कोण जाणे.

पुढे यातल्या कितीतरी मुली शिलाईच्या कारखान्यांत गेल्या. तिथली दुसरी बाजूही सांगायला हवी. २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळच्या साभार गावातली राणा प्लाझा ही कारखान्यांची इमारत कोसळली, ११३४ माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवलं.

बरं, मोजायचं कशाने? मानव विकास निर्देशांक तुम्ही ऐकला असेल. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मिळून एक आकडा. २०२२ साली बांगलादेश ०.६७०, पाकिस्तान ०.५४०. आयुर्मानात सात वर्षांच्या आसपास फरक. पाकिस्तानात दोन कोटींहून जास्त मुलं शाळेबाहेर. आणि हा निर्देशांक काढला कोणी? महबूब उल हक. पाकिस्तानचेच माजी अर्थमंत्री! मदतीला केंब्रिजपासूनचे मित्र अमर्त्य सेन, ज्यांचं बालपण ढाक्यात गेलं. सेन आधी कुरकुरले होते, की एवढं मोठं जगणं एका आकड्यात कोंबायचं कसं? हकांचं म्हणणं, राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा ठोकळ आहे, त्याला हटवायचं तर तितकाच ठोकळ आकडा हवा.

दोघांचंही खरं होतं. कारण या आकड्यात हापसा बसत नाही.

सत्तरीत बांगलादेशात युनिसेफच्या मदतीने हापसे बसवायला सुरुवात झाली, की लोकांनी तळ्याचं घाण पाणी पिऊ नये. पुढे लाखो हापसे झाले. चांगलीच गोष्ट. १९९३ मध्ये कळलं, त्या पाण्यात आर्सेनिक आहे. मग लाखो हापसे तपासून रंगवले. हिरवा असला तर प्या, लाल असला तर फक्त धुण्याभांड्याला. आता कल्पना करा, तुमच्या दारातला लाल निघालाय आणि हिरवा गावाच्या त्या टोकाला आहे. रोज घागर घेऊन कोण जाणार? घरातली मुलगीच. हे कुठल्या निर्देशांकात मोजलं?

आणि ज्याने मी स्वतः चमकलो ते हे. बांगलादेशात विशीतल्या निम्म्या बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली. पाकिस्तानात हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास. वजिफा, कारखाने, कमी मुलं, सगळं झालं, आणि इथे पाकिस्तान बराच पुढे. ढाक्याची हवा आणि ट्रॅफिक यांवर बोलत नाही, लाहोरची हवा काही वेगळी नाही. आणि आकडे चढत असतानाच २०२४ मध्ये ढाक्यातली पोरं नोकऱ्यांच्या आरक्षणावरून रस्त्यावर उतरली आणि सरकार गेलं, हेही विसरू नका.

तेव्हा मला विचाराल, तर मी उलट विचारेन: कोण म्हणून जगायचंय? तान्हं बाळ म्हणून असेल, तर बांगलादेश, डोळे झाकून. पंधरा वर्षांची मुलगी म्हणून असेल, तर मी अडखळतो. बांगलादेशात ती शाळेत असण्याची शक्यता जास्त. पण तिकडेच, वर्षभरात तिचं लग्न ठरण्याचीही.