भंगारातला चक

[टेबलावर गंजलेला तीन जॉचा लेथ-चक]

लेथवर काम करायचा तुकडा पकडून फिरवतो तो हा चक. वरचा गंज पाहून घाबरायचं कारण नाही, तो ब्रशने निघतो. खरा दोष जॉच्या, म्हणजे पकडणाऱ्या जबड्यांच्या, तोंडाशी आहे. चकात हा सरळ ग्राइंड केलेला रॉड धरलाय. मागच्या बाजूला घट्ट बसलाय आणि पुढे फट आहे. पलीकडच्या दिव्याचा उजेड त्यातून येतोय, बघा.

आखूड जॉब, म्हणजे काम करायचा तुकडा, जॉच्या टोकाशी धरून वर्षानुवर्षं काम झालं की पुढचा भाग आधी झिजतो आणि तोंड भोंग्यासारखं उघडतं. मग जॉब डोलतो आणि चक भंगारात जातो. आतून तो कसा आहे, हे बहुतेक वेळा कुणी बघितलेलंही नसतं.

[जॉ एकेक करून बाहेर येतात]

जॉवर 1, 2, 3 असे आकडे कोरलेत. बॉडीच्या खाचांवरही तेच. तिन्ही जॉ दिसायला सारखे, पण त्यांचे दात एकमेकांपेक्षा एक तृतीयांश पिचने (दोन दातांमधल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्श्याने) सरकलेले असतात, म्हणून ज्या आकड्याचा जॉ त्याच आकड्याच्या खाचेत. मागचं झाकण काढण्याआधी झाकण आणि बॉडी या दोन्हींवर पंचने जुळणीची खूण केलीय. या खुणेचा कंटाळा करू नये.

[झाकण निघतं. आत काळा थर]

जुनं तेल, बिडाची भुकटी आणि बारीक कीस यांचा हा थर दाबून दाबून दगड झालाय. जॉ अडकायचे ते यामुळे. हवेचा फवारा मारायचा मोह होतो, पण त्याने कीस आणखी खोल जातो, नाहीतर डोळ्यांकडे येतो. रॉकेल, ब्रश आणि टोकदार केलेली लाकडी काडी पुरते. वेळ मात्र भरपूर लागतो.

[स्वच्छ स्क्रोल हातात फिरतो]

हा स्क्रोल, जॉ सरकवणारी चकती. एका अंगाला सर्पिल आटे, दुसऱ्या अंगाला बेव्हल गिअरचे, म्हणजे तिरपे, दात. चावी फिरली की पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, फिरतो, पिनियन स्क्रोलला फिरवतो आणि तिन्ही जॉ एकदम आत किंवा बाहेर सरकतात. हे सर्पिल आर्किमिडीजचं. त्याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात याचा अभ्यास केला होता. प्रत्येक फेऱ्याला ते केंद्रापासून सारख्याच अंतराने दूर जातं, म्हणून तिन्ही जॉ सारखेच सरकतात.

आट्याच्या कडेला ठोका बसून धातू वर उठलाय. तेलाच्या दगडाने तेवढाच उंचवटा उतरवायचा. खालचा खड्डा राहू दे. खड्डा काही अडवत नाही, अडवतो तो त्याच्या काठावरचा बर, म्हणजे वर उठलेला धातू. मशीन व्हाइसच्या तळावर किंवा ड्रिलच्या टेबलावर पडलेल्या खुणांनाही हेच लागू. लोक खड्डे भरत बसतात आणि बर तसाच ठेवतात!

तीन पिनियनपैकी एकाचं चौकोनी भोक गोलावलंय, कारण चावी सैल होती आणि सवयीने त्याच भोकात घातली जायची. उरलेले दोन चांगले आहेत, तिथून काम चालेल. नवी चावी तेवढी भोकाच्या मापाची केलीय.

[लेथवर चक. टूल-पोस्टवर ग्राइंडर]

जॉ कडक केलेले असल्याने साध्या टूलने कापले जात नाहीत, म्हणून ग्राइंडिंग. पण मोकळे जॉ ग्राइंड करून उपयोग नाही. जॉब पकडताना स्क्रोलवर ज्या दिशेने ताण येतो, त्याच दिशेचा ताण आताही हवा. त्यासाठी जॉच्या मागच्या टोकाला एक चकती आवळलीय. चकतीखालची पट्टी ग्राइंड होत नाही, ती नंतर हाताने दगड लावून खाली घ्यायची. मागे आवळल्याने जॉ थोडे वेगळे कलतात, हेही खरं. घरगुती कामाला तेवढं चालतं.

लेथचा बेड, म्हणजे खालचा पाया, कापडाने पूर्ण झाकलाय. ग्राइंडिंगची भुकटी त्यावरच्या गाइडवर (सरकपट्ट्यांवर) बसली तर चक वाचेल आणि लेथ जाईल. एका वेळी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाच काप. ठिणग्या आधी एकाच जॉवरून उडतात, मग दुसऱ्यावरून. आता तिन्हींवरून सारख्या उडतायत.

बॉडीला तडा असेल, तर यातलं काहीच करू नका. फिरता चक फुटला तर तुकडे कुठे जातील ते सांगता येत नाही.

[डायल गेज. काटा]

मघाचाच रॉड. पुढची फट गेलीय आणि काटा जेमतेम हलतोय. नव्या साध्या तीन जॉच्या चकातही 0.05 ते 0.08 मिलिमीटर रनआउट (फिरताना जॉबचं डोलणं) सर्रास चालवून घेतात. जॉबचा व्यास बदलला की हा आकडाही बदलतो, कारण स्क्रोलचा वेगळा भाग कामाला येतो. याहून अचूक मध्य हवा असेल, तर चार जॉचा चक चढवायचा आणि डायल लावून एकेक जॉ जुळवायचा.